तेलाचा कौल

मेस्त्रींच्या हातात लग्नाची पत्रिका दिली की ते वधूवरांची नावे वाचत नसत. कागद पाहत. पत्रिकेचा कोपरा अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून दोनदा चोळत. कागद गुळगुळीत, चकचकीत असला तर पत्रिका परत करीत आणि त्या लग्नाला जात नसत. कागद साधा, जाड आणि खरखरीत असला तर ती जपून ठेवीत. गावातील लोकांनी पुढे एक सोय काढली होती. सर्वांसाठी हवी तशी सोनेरी पत्रिका छापीत आणि मेस्त्रींसाठी एक वेगळी, साध्या कागदावर.

माझ्या मुलाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा माझाच ट्रक त्यांच्या दारात उभा होता. त्यांनी पत्रिका घेतली, ट्रकच्या इंजिनातील तेल मोजायची सळई उपसली आणि तिच्या टोकाचा एक थेंब पत्रिकेवर गणपतीच्या चित्राखाली टेकवला. थेंब हळूहळू पसरला. मेस्त्रींनी पत्रिका उन्हाकडे धरली.

"कागद बरो," ते म्हणाले. "लग्नाक येतंय."

मी निघालो तेव्हा त्यांनी मागून हाक मारली.

"सायबानू, लग्न झाल्यार उरलेल्यो पत्रिका माका देवा. टाकू नकात."

उरलेल्या साठ-सत्तर पत्रिका मी त्यांना पोचवल्या. त्यानंतर माझ्या ट्रकच्या तेलाची प्रत्येक तपासणी माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकेवर होत गेली. मुलाला मी हे कधी सांगितले नाही.

ही तपासणी वेडगळ नव्हती, हे मी प्रथम सांगून ठेवतो. वापरलेल्या तेलाचा थेंब खरखरीत कागदावर टाकला की तो तीन दिवसांत स्वतःची हकीकत लिहितो. मधोमध काळा डाग, भोवती तपकिरी वलय, त्याबाहेर पिवळसर कडा. काळे सर्वत्र सारखे विरत गेले असेल तर तेलात अजून बळ आहे. काळे मध्येच गोळा होऊन त्याला धारदार काठ आला असेल तर तेल थकले. बाहेरची कडा फिकट होऊन फार लांब गेली तर तेलात डिझेल उतरले. मेस्त्री पत्रिका दोरीवर चिमट्याने टांगत, मागे ट्रकचा नंबर आणि तारीख लिहीत आणि तीन दिवस त्या ट्रकविषयी एक शब्द बोलत नसत. मालक रोज येऊन विचारी. मेस्त्री दोरीकडे बोट दाखवीत.

"तेचा सांगून झाला नाय अजून."

वाळलेल्या पत्रिका ट्रकवार बांधून ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यांत ठेवीत. असे डबे घरात माळ्यापर्यंत होते. त्यांची पत्नी एकदा मला म्हणाली, "आमच्या लग्नाक पत्रिका छापूक नव्हती, म्हणान वाचली."

मिठबावहून देवगडकडे जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला भेंडीच्या जुन्या वृक्षाखाली त्यांची ट्रक दुरुस्तीची पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. त्यांचे नाव मी येथे देत नाही. पाटी लावणे त्यांना मान्य नव्हते, तेव्हा नाव छापणेही मान्य झाले नसते.

मी पाटबंधारे खात्यात उपअभियंता होतो. निवृत्त झाल्यावर एक वापरलेला ट्रक घेतला. हंगामात स्वतःच्या बागेचे आणि शेजाऱ्यांचे आंबे कोल्हापूरला न्यायचे, एरवी जांभ्याचे चिरे वाहायचे. मुंबईस असलेल्या माझ्या थोरल्या बंधूंनी या खरेदीस मूर्खपणा म्हटले. ट्रक चालवण्यास बाबल नावाचा ड्रायव्हर ठेवला. तो तेव्हा पंचविशीत होता. आज त्याचे केस माझ्याइतके नसले तरी बऱ्यापैकी पांढरे आहेत.

ट्रक प्रथम मेस्त्रींकडे नेला त्या दिवशी त्यांनी मला नमस्कार केला आणि लगेच घालवून दिले.

"तुमी जरा चाय पियून येवा. मालक बाजूक आसलो की इंजिन खोटा बोलता."

मी म्हणालो, "मी अभियंता आहे."

"मगे दोन चाय पियून येवा."

मी एकच प्यायलो. परतलो तेव्हा मेस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून डोळे मिटून उभे होते. बाबल त्यांच्याजवळ श्वास रोखून उभा होता. मलाही रोखावा लागला.

त्यांच्या सवयींपैकी एक अशी की ज्या वाहनाचे इंजिन त्यांनी स्वतः उघडून पाहिलेले नाही त्यात ते बसत नसत. त्यांची मुलगी कणकवलीस दिली होती. तिच्याकडे जायचे झाल्यास त्यांच्या ओळखीचा एखादा ट्रक त्या दिशेला निघेपर्यंत ते थांबत. नातवाच्या बारशाला ते अशा रीतीने सहा दिवस उशिरा पोचले. एसटी दारावरून जात असे. तिच्याविषयी त्यांचे मत वाईट नव्हते. त्यांचे तिच्याविषयी काहीच मत नव्हते, आणि मत नसलेल्या इंजिनाच्या हवाली ते स्वतःला करीत नसत.

अभिमान त्यांना एकाच गोष्टीचा होता. तो ते कोणी विचारले नाही तरी सांगत.

"मी बंद केलेला एक काम परत येवक नाय."

म्हणजे त्यांनी उघडून, दुरुस्त करून बंद केलेले इंजिन त्याच दुखण्यासाठी पुन्हा त्यांच्या दारात आले नाही. हे खरे होते. देवगडपासून मालवणपर्यंतचे ट्रकवाले याची साक्ष देत. त्यांच्याकडे मदतनीस टिकत नसे, गिऱ्हाइकाला बसायला बाक नव्हता, काम केव्हा होईल हे ते सांगत नसत. लोक तरीही येत ते या एका वाक्यावर.

माझ्या ट्रकचे इंजिन त्यांनी एकदा पूर्ण उघडले होते. मुलाचे लग्न झाले त्याच वर्षी, गणेश चतुर्थीच्या आधी. त्यानंतर अकरा वर्षे त्या इंजिनाने तक्रार केली नाही. या अकरा वर्षांत तेल नेहमीचेच, साधे, खनिज. पाच-सहा हजार किलोमीटर झाले की मेस्त्री ते बदलत. दुकानात ज्याला ऑइल म्हणतात त्याला ते तेलच म्हणत.

अकराव्या वर्षी, आंब्याच्या हंगामाच्या तोंडावर, माझ्या मुलाने पुण्याहून सिंथेटिक तेलाचे डबे पाठवले. सोबत फोनवर व्याख्यान दिले. हे तेल कारखान्यात घडवलेले असते, याचे कण एकसारखे असतात, घाटात इंजिन तापले तरी ते पातळ होऊन हात टेकत नाही, काजळी साठू देत नाही, दुप्पट टिकते. मी ऐकून घेतले. मग ट्रकची पुस्तिका काढली. ती मी खाकी कागदाचे वेष्टण घालून ठेवली आहे. पुस्तिकेत सिंथेटिक हा शब्द नव्हता, कारण ती छापली तेव्हा आमच्याकडे ते कोणी वापरत नव्हते. पण तेलाचा दर्जा कोणता असावा आणि तापल्यावर जाडी किती असावी, हे दिले होते. दोन्ही डब्यावरील आकड्यांशी जुळत होते. माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

मी एक डबा घेऊन मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो उघडला, बोटावर थेंब घेतला, चोळला, हुंगला. मग डब्यावरचा पहिला आकडा विचारला. मी सांगितले की तो थंडीतल्या पातळपणाचा आहे. कडाक्याच्या थंडीतही इंजिन चटकन सुरू होते.

"हयसर थंडी खंय आसा?"

मी म्हणालो, दुसरा आकडा उष्णतेचा आहे, तो आपल्या कामाचा. आणि तेल दुप्पट टिकेल.

"दुप्पट?" मेस्त्रींनी डबा खाली ठेवला. "मगे मी तिका बघतलंय कधी?"

बाबल हसला. मेस्त्री हसले नाहीत. ते ट्रकच्या पुढे जाऊन उभे राहिले. पंख्यामागे इंजिनाच्या पुढल्या टोकास जेथे पट्टा फिरवणारी पुली असते, तेथे त्यांनी बराच वेळ पाहिले. मला वाटले, ते पट्टा पाहत आहेत.

"हेच्यात ह्या तेल घालू नकात," ते म्हणाले.

"कारण?"

"म्हातारी आसा ती."

"हे कारण नव्हे, मेस्त्री. म्हातारी आहे म्हणूनच चांगले तेल द्यायचे. आकडे जुळत आहेत. इंजिन तुम्हीच बांधले आहे आणि उत्तम बांधले आहे. मग भीती कसली?"

मेस्त्रींनी मान खाली घातली. हातपुसणे घेऊन एक कोरडा पाना पुसत बसले. बाबलने वातावरण हलके करण्यासाठी म्हटले, "मेस्त्रीनू, इंजिन तुमचा, गाडी सायबांची. भांडतास कित्याक? देवाक इचारूया."

तो गमतीने म्हणाला असावा. मेस्त्रींनी मान वर केली.

"इचारूया," ते म्हणाले.

आमच्याकडे देवाला कौल लावतात. घर बांधताना, होडी घेताना, मुलगी देताना. गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणे घालून प्रश्न सांगतो आणि पाकळी उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मी आयुष्यात कधी कौल लावलेला नाही. धरणाच्या भिंतीला तडे गेले तेव्हाही लावला नव्हता. परंतु मेस्त्री ऐकत नव्हते आणि आंबे थांबत नव्हते. सोमवारी सकाळी आम्ही तिघे देवळात गेलो.

प्रश्नाच्या शब्दांवरून प्रथम माझा आणि गुरवाचा वाद झाला. तो म्हणे, तेल चांगले की वाईट एवढे विचारू. मी म्हटले, ते संदिग्ध आहे, चांगले कशासाठी? गुरव म्हणाला, "सायबानू, देव तुमच्या हापिसात नाय. तेका साधा बोललेला समाजता." शेवटी माझे शब्द मान्य झाले. मेस्त्री खांबाशी उभे होते. त्यांनी प्रश्नात एकही शब्द सुचवला नाही.

गुरवाने हात जोडून आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबल म्हणाला. क्षणभराने मीही म्हणालो.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे गाऱ्हाणा घेवन इली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्येंच्या गाडयेत नवीन तेल घालूचा आसा. त्या तेलान गाडयेक काय अपाय होवचो नसात, तर उजवो कौल दी, म्हाराजा!"

उजवी पाकळी गुरवाचे बोलणे पुरे होण्याआधीच पडली. बाबलने हात जोडले. गुरवाने माझ्याकडे पाहिले. मी मेस्त्रींकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"कौल चुकूक नाय," ते म्हणाले. "प्रश्न चुकलो."

"मगे बरोबर प्रश्न काय तो सांग," गुरव म्हणाला. "पाकळ्यो ओल्यो आसत."

मेस्त्री थोडा वेळ देवाकडे पाहत राहिले. ओठ हलल्यासारखे वाटले. मग त्यांनी पायरीवरच्या चपला घातल्या आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मी ट्रक तेल बदलण्यासाठी पाठवला. मेस्त्रींनी तो परत पाठवला. मग ते काम मी आणि बाबलने माझ्या घरापुढच्या खळ्यात केले, पुस्तिका समोर उघडी ठेवून. जुने तेल काढले, फिल्टर नवा घातला, नवे तेल ओतले. ट्रक सुरू केला. आवाज खरोखर कमी झाला होता. मला समाधान वाटले. ते मी दाखवले नाही.

मेस्त्रींनी माझ्याशी बोलणे बंद केले. रस्त्यात भेटले तर ट्रककडे पाहून मान हलवीत, माझ्याकडे नाही.

नवव्या दिवशी मला बाबलच्या सीटमागे माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका सापडल्या. प्रत्येकीवर ओळीने एकेका दिवसाची तारीख. पहिल्या काही कोऱ्या होत्या. शेवटच्या पत्रिकेवर एक थेंब.

"हे काय?"

बाबल चाचरला. "मेस्त्रीन दिल्यान. गाडी उभी केली की पुलीखाली घालूची, सकाळी उचलूची आणि तेंका दाखवूची."

"तू रोज जाऊन दाखवतोस?"

"व्हय."

"ते काय म्हणतात?"

"काय म्हणनत नाय. आज मात्र खाली बसले."

अकराव्या दिवशी चार थेंब होते. तेराव्या दिवशी थेंब मोजण्याजोगे राहिले नव्हते. पत्रिकेवर तळहाताएवढा डाग होता आणि त्यातून वधूचे नाव वाचता येत नव्हते. मी तेलाची पातळी तपासली, थोडे तेल वर घातले आणि ट्रक पाठवला. आंबा उतरवून ठेवला होता. पेट्या भरल्या होत्या. जे दिसत होते ते मी दोन दिवस न पाहिल्यासारखे केले, कारण पाहिले असते तर माझा निर्णय चुकला असे म्हणावे लागले असते.

चौदाव्या दिवशी सकाळी बाबलचा फोन आला. तो वैभववाडीच्या पुढे, करूळ घाटाच्या पायथ्याशी होता.

"सायबानू, पुलीखालसून तेल धो धो जाता. पंख्यान सगळा उडवल्यान. काच पण तेलकट."

"वर तेल घाल आणि हळूहळू घाट चढ."

"घालूक तेल उराक नाय. आणि तेल सळयेच्या खुणेच्या खाली गेला तर चावी फिरवूची नाय, असा मेस्त्रीन सांगलेला आसा. फिरवलंस तर हात मोडून देतंय म्हणालेत."

तेल कमी असताना घाट चढला असता तर इंजिन जाम होऊन संपले असते. त्या वयाच्या ट्रकला दुसरे इंजिन कोणी घालत नाही. ट्रक भंगारात गेला असता आणि बाबल घरी बसला असता. हे सर्व मला फोन ठेवल्यावर कळले. बाबलला ते आधीच कळले होते, कारण त्याने माझे ऐकले नव्हते.

मी शेडमध्ये गेलो. मेस्त्री एका पंपावर वाकले होते.

"पुलीमागून गळते आहे," मी म्हणालो. "करूळच्या खाली उभा आहे."

तेल कोणते, हे त्यांनी विचारले नाही. मी तुमाका सांगललंय, असेही म्हणाले नाहीत. त्यांनी लाकडाच्या भुशाने हात घासले, साबणाने धुतले, भिंतीवरच्या कॅलेंडरमागे हात घातला आणि तेथून कागदात गुंडाळलेली एक लहान चपटी वस्तू काढून सदऱ्याच्या खिशात ठेवली. हत्यारांची पिशवी घेतली. मी घरी जाऊन मुलाने पाठवलेल्यांपैकी शेवटचा डबा उचलला आणि वाटेत दुकानातून साध्या तेलाचा एक घेतला. दुसरा डबा म्हणजे माझी शरणागती होती. ती मी पिशवीत झाकून घेतली.

त्या वेळी मेस्त्रींच्या ओळखीचा एकही ट्रक त्या दिशेला जाणारा नव्हता. एसटी आली. मी थांबलो. मेस्त्री क्षणभर पायरीसमोर उभे राहिले आणि चढले. जागा असूनही बसले नाहीत. दांडी धरून, डोळे मिटून, संपूर्ण रस्ता उभे होते. उतरताना ड्रायव्हरजवळ जाऊन म्हणाले, "बरी ठेवलास हो गाडी." ड्रायव्हरने माझ्याकडे पाहिले. मी दुसरीकडे पाहिले.

ट्रक रस्त्याच्या कडेला ऐनाच्या झाडाच्या अर्ध्या सावलीत होता. पेट्यांतून आंब्यांचा वास येऊ लागला होता. आमच्या धंद्यात हा वास घड्याळाचे काम करतो. मेस्त्रींनी मला चहाला पाठवले नाही. हे त्यांनी प्रथमच केले. मी उभा राहिलो. त्यांनी आणि बाबलने रेडिएटर सोडवला, पंखा काढला, पट्टा काढला, पुली ओढून काढली. पुलीमागे रबरी ओठाची एक कडी असते. तेल आत राखणे एवढेच तिचे काम. तिला ऑइल सील म्हणतात. मेस्त्रींनी ती उचकटून काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली.

रबर उरलेच नव्हते. बांगडीसारखे कडक झाले होते. ओठाला जागोजागी चिरा.

"ह्या सील मी घातलेला नाय," ते म्हणाले. "मी इंजिन उघडलंय तेव्हाचा पण नाय. तेच्याही आदलो जुनो माल. मी नवीन घालूक नाय. जुनाच परत बसवलंय."

बाबल हातातला पाना तसाच धरून उभा राहिला.

"साध्या तेलाची काजळी हेच्या चिरांत भरान बसली. गळती तिणा धरून ठेवलेली, अकरा वर्सां. तुमचा तेल साफ. तेणा काजळी धुतली." ते थांबले. "तेल खरा बोलला, सायबानू. माका ताच नको होता."

त्यांनी खिशातला कागद उलगडला. आत नवे सील होते. कागद जुना नव्हता. मी विचारले, हे केव्हा आणले?

"चतुर्थी झाल्यार दुकान उघडला, तेव्हाच आणलंय. गाडी येतली, गळतली, मगे घालूया म्हटलंय. गाडी गळाक नाय. रबर ठेवन कडक होता म्हणान दर दोन वर्सांनी जुना टाकून नवीन आणी. पाच सीलां बदललंय." त्यांनी पुलीची जागा फडक्याने पुसली. "गाडयेत नाय. कॅलेंडराच्या मागे."

"मग नुसते सांगायचे. अर्ध्या दिवसाचे काम होते."

"काम परत येवक नाय, ह्या सांगणारो मीच ना?" ते म्हणाले. मग सील बसवता बसवता, माझ्याकडे न पाहता, "देवळात मी इचारूक होया होता, माझा काम पुरा काय अर्धा. तो प्रश्न. पण जीब उचालली नाय. देवान इचारल्याला सांगल्यान. तेचा काय चुकला?"

येथे मला एक गोष्ट आठवली. ती तोवर मी विसरलो होतो, किंवा विसरलो आहे असे समजत होतो.

अकरा वर्षांपूर्वी, चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी, मी त्या शेडच्या दारात उभा होतो. इंजिन जवळजवळ बांधून झाले होते. मेस्त्री म्हणाले होते, पुढचे सील मिळाले नाही, दुकाने बंद झाली, सण झाला की घालून देतो, तोवर गाडी राहू दे. मी म्हणालो होतो, "जुने चालत होते ना? मग चालू द्या. गाडी आज संध्याकाळी माझ्या दारात हवी." चिरे वाहायचे नव्हते. कोणतेही काम नव्हते. माझे थोरले बंधू मुंबईहून गणपतीला येणार होते आणि ज्या ट्रकला त्यांनी मूर्खपणा म्हटले होते तो मेस्त्रीच्या दारात आतडी काढून पडलेला त्यांना दिसू नये, एवढेच माझे काम होते. मेस्त्रींनी एकदा सांगून पाहिले. मी आवाज चढवला. त्यांनी जुने सील बसवले.

घाटाच्या पायथ्याशी हे सर्व मला आठवले, आणि मेस्त्रींनाही आठवत असणार, कारण शेवटचा बोल्ट आवळून ते उभे राहिले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. एरवी ते माणसाकडे असे पाहत नसत. बोलण्याची वेळ ती होती. मी पिशवीतून दोन्ही डबे काढून त्यांच्यापुढे ठेवले आणि विचारले, "कोणते घालायचे?"

मेस्त्रींनी दोन्ही डबे पाहिले. साध्या तेलाचा डबा त्यांनी बाजूला सारला.

"ह्याच घाला," ते सिंथेटिककडे बोट दाखवून म्हणाले. "आता तिका लपवूक काय नाय."

दिवेलागणीस ट्रक घाट चढू लागला. आंबे कोल्हापूरला वेळेत पोचले.

त्यानंतर तो ट्रक सिंथेटिकवरच चालला. दुप्पट टिकणारे तेल मेस्त्री पूर्वीच्याच अंतराला उघडून पाहत. बदलत नसत, नुसता थेंब घेत. दुसऱ्या जुन्या ट्रकांचे मालक विचारू लागले, आम्हीही तेच घालू का? मेस्त्री त्यांना उत्तर देण्याआधी पुलीमागे आणि तेलाच्या टाकीखाली बोट फिरवून पाहत आणि म्हणत, "आधी सीलां बदला. मगे खयचाय घाला." मला वाटते, या विषयावर यापेक्षा शहाणे कोणी काही सांगितलेले नाही.

त्यांचे ते वाक्यही बदलले. "एक काम परत इला," असे ते सांगू लागले. कोणते, असे लोक विचारीत. ते सांगत नसत. देवगड ते मालवण यातील प्रत्येक ट्रकवाल्याने आपापल्या परीने अंदाज केला. बाबलला माहीत होते. तो बोलला नाही. मला माहीत होते. त्यांच्या तोंडून चूक कोणाची हे निघाले तर ते माझे नाव घेतील का, याची मी काही महिने वाट पाहिली. त्यांनी घेतले नाही.

गेल्या पावसाळ्यात मेस्त्री वारले. बाराव्यानंतर त्यांच्या पत्नीने बाबलच्या हाती आमच्या ट्रकचा डबा पाठवला. बाकीचे डबेही तिने असेच ज्याचे त्याला पोचवले. घर मोकळे झाले, असा निरोप होता.

डब्यात माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिका तारीखवार बांधलेल्या होत्या आणि तळाशी काही कोऱ्या उरल्या होत्या. तारखेच्या प्रत्येकीवर गणपतीखाली एक डाग. लग्नाच्या वर्षीच्या चतुर्थीच्या आदल्या दिवसाची मी शोधून काढली. फक्त तिच्यावर काळा डाग नव्हता, नव्या बांधणीचे तेल अजून कोरे होते. मागे ट्रकचा नंबर, तारीख आणि मेस्त्रींच्या अक्षरात दोन शब्द होते. "सील जुनाच."

त्याखाली बरीच जागा रिकामी होती. मी चष्मा लावला, पेन घेतले आणि लिहिले: "घाई मालकाची." खाली सही केली.

बाबल दारात उभा होता. मी काय लिहिले ते त्याने विचारले नाही. "सायबानू, सकाळी गाडयेचो थेंब घेवचो आसा," तो म्हणाला. "एक पत्रिका देवा."

मी त्याला एक कोरी दिली.